गोठ्यातली फियाट

मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या विम्याबद्दल बोललो होतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आमच्या गटातल्या एका काकूंच्या गोठ्यात नऊ वर्षं एक जुनी फियाट उभी होती. ती आम्ही बायकांनी मिळून कशी चालू केली, ते आज सांगणार आहोत. काही जणी म्हणतील, गाडी कुठे आपल्या दारात? पण बंद पडलेली लुना, सासऱ्यांची स्कूटर, गंजलेलं डिझेल इंजिन, यातलं काहीतरी बहुतेकींच्या घरामागे असतंच. काम सगळीकडे थोड्याफार फरकानं सारखंच आहे.

सुरुवात झाली ती भंगारवाल्यापासून. तो दारात आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि किलोचा भाव सांगून मोकळा झाला. काकूंचे दीर म्हणाले, देऊन टाक, जागा अडलीय. काकूंनी विचारलं, "गाडी आहे कुणाच्या नावावर?" कुणालाच सांगता येईना. काका जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्यांच्यामागे त्या गाडीचं आरसी बुक कुणी उघडून पाहिलं नव्हतं.

पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली ते पुस्तक सापडलं. गाडी १९८४ सालची, काकांनी दुसऱ्या हाताने घेतलेली, नाव अजून त्यांचंच. म्हणून आमचं पहिलं सांगणं असं की पान्याला हात लावण्याआधी कागद बघा. गाडीचा मालक वारला, तर वारसानं तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत गाडी आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा असतो. त्या अर्जाचा नमुना क्रमांक ३१. काकूंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. शेत सातबाऱ्यावर चढवायला सगळे भाऊबंद धावले, गाडीचं मात्र कुणाच्या ध्यानात नाही. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती, गाडीचे कागद, हे सगळं गोळा करायला आम्हाला चार महिने लागले. चेसिसचा नंबर कागदावर उतरवून द्यावा लागतो. नंबरावर कागद ठेवायचा आणि वरून पेन्सिल घासायची, लहानपणी आपण नाण्यावर घासायचो तशी. नंबरावरचा मळ खरवडण्यातच आमची एक सकाळ गेली.

गाडी भंगारात द्यायची असेल तरी हे चुकत नाही. नोंदणी आरटीओत रद्द न करता गाडी दिली, तर लोखंड वितळून जातं आणि कागदावरची गाडी तुमच्या नावावर तशीच राहते. उद्या त्या नंबराची पाटी दुसऱ्याच गाडीवर लागली, तर पोलीस तुमच्या दारात येतील.

आता या गाडीची थोडी ओळख. आपण तिला फियाट म्हणतो, कागदावर ती प्रीमियर पद्मिनी. ती बनायची मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढली. वालचंद मूळचे सोलापूरचे, इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांच्याच नावाचं. इटलीच्या फियाट कंपनीचा परवाना घेऊन ही गाडी इथे बनत होती आणि सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला त्यातली शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली. काकांच्या गाडीतून मात्र आमच्या वाडीतले निम्मे नवरदेव मारुतीच्या पाया पडायला गेलेत. काकूंना ती द्यायची नव्हती त्याचं खरं कारण हेच असावं. त्या तसं बोलल्या नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

गटाच्या बैठकीत मात्र वाद झाला. एकीनं सुचवलं, अंतर्गत कर्ज देऊ. दुसरी म्हणाली, आजारपणाला आणि बी-बियाणाला पैसे पुरत नाहीत, जुन्या गाडीला कुठून द्यायचे? आम्हाला दुसरीचं पटलं. गटाचा पैसा हौसेत घालायचा नाही, असा ठराव लिहिला. काकूंनी आपले दोन बोकड विकले. गटानं दिले ते हात, दर रविवारी दोन तास. सोबत तालुक्याच्या गावातले एक म्हातारे मिस्त्री होते, त्यांनी उमेदीची वर्षं फियाटवरच काढलेली. आमच्या एका ताईंची मुलगी आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकते, तीही होती. हे दोघं नसते तर आम्ही भंगारवाल्यालाच हाक मारली असती, हे कबूल करतो.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावली, "चावी फिरवायची नाही." आम्हाला वाटलं होतं, नवी बॅटरी लावायची आणि बघायचं लागते का. पण इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजून आत चिकटून बसलेल्या असतात. स्टार्टरनं जोर लावला की रिंग तुटते, सिलिंडरला ओरखडे पडतात आणि हजाराचं काम तीस हजारांवर जातं. म्हणून आधी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडलं आणि फडकं झाकून ठेवलं. रोज संध्याकाळी धारा काढून झाल्या की काकू थोडं थोडं ऑइल टाकत.

तोवर चाकांकडे वळलो. हँडब्रेक ओढून गाडी उभी केलेली, त्यामुळे मागची दोन्ही चाकं जाम होती. ड्रम काढायला गाडी उचलावी लागते. इथे कान देऊन ऐका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, हातभर सुद्धा नाही. जॅक सरकतो आणि विटा दाबाखाली फुटतात. आम्ही लोखंडी स्टँड भाड्यानं आणले, उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावले आणि मगच चाक खोललं. ड्रममधली काळी भुकटी फुंकायची नाही, झाडूने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते छातीत गेलं की फुप्फुसाचे मोठे आजार होतात. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं.

पंधराव्या दिवशी गाडी चौथ्या गिअरमध्ये घातली आणि सहा जणींनी मागून रेटली. आधी ढिम्म. मग कट् असा आवाज आला आणि इंजिन आतून फिरल्याचं जाणवलं. मिस्त्रींनी हात जोडले ते आम्हाला की गाडीला, ठाऊक नाही.

यानंतरचं काम म्हणजे नुसतं खोलणं, धुणं आणि पुन्हा बसवणं. टाकीतलं पेट्रोल काढलं, त्याला वॉर्निशासारखा वास येत होता. जुनं पेट्रोल असं चिकट होतं आणि कार्ब्युरेटरची बारीक भोकं बुजवून टाकतं. ती भोकं तारेने टोकरू नका, मोठी होतात. वर्षभर दाभण हातात धरणाऱ्या आमच्या एका वहिनी नेमक्या तेच करायला निघाल्या होत्या. हवेच्या दाबानं साफ करायची असतात. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदलले. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऊस पट्ट्यातल्या आपल्याला ते वेगळं सांगायला नको. जुन्या रबराला ते सोसत नाही, पाइप मऊ पडतात आणि गळतात. गरम इंजिनावर पेट्रोल गळलं तर काय होईल, ते तुम्हीच ओळखा.

या सगळ्यात आमची एक सवय फार उपयोगी पडली. आपण बैठकीचं प्रोसिडिंग लिहितो ना, तशीच एक वही केली. कोणता भाग, कुठून काढला, किती स्क्रू, कोणाच्या हातानं. खोलण्याआधी मोबाइलवर फोटो. स्क्रू तंबाखूच्या रिकाम्या डब्यांत, डब्यावर चिठ्ठी. प्लगच्या चार तारांना चार रंगांचे दोरे बांधले, कारण तारांची अदलाबदल झाली तर इंजिन फटाके फोडतं आणि चालत नाही. मिस्त्री आधी हसले. पुढच्या महिन्यात एक पट्टी कुठली ते त्यांनाच आठवेना, तेव्हा त्यांनी वही मागून घेतली.

आता आमची चूक सांगतो. पाचव्या महिन्यात इंजिन लागलं. निळा धूर, मोठा आवाज, आणि आम्ही सगळ्या टाळ्या वाजवत होतो. गोठ्याचं दार सताड उघडं होतं, म्हैस बाहेर बांधली होती, एवढी काळजी आम्ही घेतली होती. बंद जागेत इंजिन चालवलं की धुरातला कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस बसल्या जागी झोपी जातो आणि उठत नाही. पण दुसरी गोष्ट विसरलो. चाकं मोकळी करताना ब्रेक ढिले केले होते, ब्रेक ऑइल कधीच आटून गेलेलं, आणि ते काम आम्ही पुढच्या रविवारवर टाकलं होतं. स्टँड आणि दगडही काढलेले. आमच्यातल्याच एकीनं उत्साहात गिअर टाकला. गाडी अंगणाच्या उतारानं निघाली, ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला. कडब्याच्या गंजीत घुसून थांबली. गंजीच्या पलीकडे पाळणा होता. बाळ त्या वेळी आत, आजीपाशी होतं.

त्या दिवशी कुणी चहा घेतला नाही. दोन रविवार कोणी आलंही नाही. मग बैठकीत ही गोष्ट लिहून काढली, गिअर टाकणारीचं नाव न घालता. कारण थांबवू आम्ही सगळ्याच शकलो असतो. म्हणून पुन्हा सांगतो, आधी ब्रेक, मग इंजिन. उभी गाडी कुणाचा जीव घेत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि वर्षानुवर्षं पडून राहिलं की आतले सिलिंडर गंजतात. आम्ही चारही चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या आणि मास्टर सिलिंडरचं किट नवीन घातलं. ब्रेकच्या डबीत चुकूनही इंजिन ऑइल ओतू नका, त्यानं रबर फुगतं आणि ब्रेक निकामी होतो. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंगही सोलून निघतो. आमच्या बॉनेटवर तसा एक डाग आहेच.

सीटचं काम मात्र कुणाच्या शिकवण्याची वाट न बघता झालं. जुनं कव्हर टाके उसवून काढलं, त्याचेच तुकडे कागदावर आखून माप घेतलं आणि रेक्झिन मशीनवर शिवलं. जाड सुई, नायलॉनचा दोरा, टाका लांब. बाजारात याच कामाची मजुरी विचारली तेव्हा दोघी-तिघींचे डोळे चमकले. तालुक्यात जीपच्या आणि ट्रॅक्टरच्या सीटचं काम निघतं का, ते सध्या बघतोय.

रंग केला नाही. तळाचा पत्रा दोन जागी सडला होता, तिथे वेल्डिंग करून घेतलं. बाकी गंज तारेच्या ब्रशनं घासून वर रेड ऑक्साइड मारलं. वहीत बेरीज झाली ४७ हजार ३५० रुपये, कागदांचा खर्च वेगळा. तेवढ्यात एखादी बरी जुनी स्कूटी आली असती, हे आम्ही काकूंना सांगून पाहिलं होतं.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि मग दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. पर्यावरण कर भरावा लागतो, आणि उशीर झाला तर आकार वाढत जातो. तुमच्या आरटीओत जाऊन आजचे आकडे विचारा, ते बदलत असतात. व्हिंटेज म्हणून सवलत मिळेल का, असं एकीनं विचारलं होतं. तो नियम पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेल्या गाड्यांना आहे, आणि तशा गाड्या रोजच्या वापराला काढता येत नाहीत. आपली अजून तेवढी म्हातारी नाही.

नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवायची नसते, म्हणून तपासणीला टेम्पोवर चढवून नेली. पहिल्या वेळी नापास झाली. एका दिव्याचा झोत वर जात होता आणि हॉर्न वाजत नव्हता. दिवा मुलीनं नीट करून दिलाय. काकूंनी शिकाऊ लायसन्स काढलंय, या गाडीचा गिअर स्टेअरिंगपाशी असतो म्हणून त्या उभ्या गाडीत बसून हात बसवतायत. पुढची तपासणी सोमवारी आहे. हॉर्नची तार कुठे तुटली ते अजून सापडलेलं नाही. रविवारी सकाळी दहाला सगळ्या जणी येणार आहेत, मिस्त्रींनाही निरोप गेलाय.