इंद्रजाल जमवताय? आधी मुखपृष्ठ बघा

मार्च 1964 मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं आणि ली फॉकचा फँटम मराठी घरांत ‘वेताळ’ म्हणून रुळला. संग्राहक पहिल्या अंकांमागे धावतात. माझ्या मते जुन्या इंद्रजालचं खरं मोल मुखपृष्ठात आहे. आतल्या बहुतेक चित्रकथा अमेरिकी वृत्तपत्रांसाठी काढलेल्या, जगभर पुन्हापुन्हा छापलेल्या. (इथल्या संपादकांनी फँटमच्या देशाचं नाव ‘डेंकाली’ केलं, ती गंमत वेगळी.) मुखपृष्ठं मात्र इथली. त्यातली कितीतरी गोविंद ब्राह्मणियांनी रंगवली. 1976 मध्ये इंद्रजालमध्ये आबिद सुरतींचा नायक ‘बहादूर’ आला, त्याची चित्रंही ब्राह्मणियांचीच.

वेताळाकडे अचाट शक्ती नाही, मग तो सुपरहीरो कसला आणि त्याचे अंक का जमवायचे, असं कुणी म्हणेल. पण अंगाला घट्ट पोशाख आणि बुबुळं न दाखवणारा मुखवटा त्याने 1936 मध्येच चढवला. सुपरमॅन आला 1938 मध्ये. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: स्कॅन मोबाइलवर मिळतात, कागद कशाला? कथेपुरते स्कॅन पुरे, कबूल. पण त्यात रंग अनेकदा उजळवलेले असतात, जाहिराती गाळलेल्या असतात. मूळ शाई आणि कागद पडद्यावर कळत नाहीत. म्हणून आतली पानं फाटलेली असली तरी मुखपृष्ठ शाबूत असेल तर अंक घ्यावा. त्याला सेलोटेप लावू नका, गोंद पिवळा पडून डाग धरतो. लॅमिनेशन तर नकोच. पनवेलसारख्या ठिकाणच्या दमट पावसाळ्यात अंक जमिनीपासून उंच, कोरड्या कपाटात आडवे ठेवा. आणि जुनं घर पाडायला काढलं असेल, तर माळ्यावरचा गठ्ठा रद्दीत देण्याआधी एकदा सोडून बघा.