निखाऱ्यावरचा घास महाग का झाला?

मोठ्या शहरांतल्या हॉटेलांच्या पाट्यांवर दिसणारा 'बार्बेक्यू' हा शब्द आता आपल्या वऱ्हाडातल्या तरुण पोरांच्या तोंडीही बसला आहे. टेबलावर छोटी शेगडी, तिच्यावर सळईत ओवलेले मांसाचे तुकडे, वरून लिंबू-मसाला आणि शेवटी हातात पडणारे बिल. चार माणसांचे कुटुंब एका बैठकीत जेवढे पैसे देऊन उठते, तेवढ्यात बडनेऱ्यातल्या एखाद्या मजुराच्या घरचा आठवड्याचा किराणा भरतो. आणि ताटात असते काय? निखाऱ्यावर भाजलेले मांस. आपल्या आजीने इस्तो विझायच्या आधी चुलीत सरकवलेला तुकडाच, फक्त नाव आणि भाव बदललेला.

गरिबाचा हा घास श्रीमंताच्या ताटात जाऊन महाग कसा झाला, आणि आपल्या घराने त्यापासून काय शिकावे, हे वाचक बंधू-भगिनींनी एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

भाजणे वेगळे, धुरवणे वेगळे

मांसाला विस्तव लावण्याच्या मुख्य रीती दोन. पहिली भाजण्याची. निखाऱ्यावर मांस ठेवायचे, शिजले की लगेच खायचे. दुसरी टिकवण्याची. मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद लावायची, उन्हात दोरीवर वाळवायच्या आणि पुढे चुलीच्या वर धुरात टांगून ठेवायच्या. मीठ आणि ऊन मांसातले पाणी ओढून घेतात. धूर वरचा थर कोरडा ठेवतो आणि माश्या-किड्यांना दूर ठेवतो. पाणी गेले की मांस कुजवणाऱ्या जंतूंना वाढायला जागा राहत नाही. बर्फ नव्हता, फ्रीज नव्हता, तेव्हा गरिबाचा फ्रीज म्हणजे ऊन, मीठ आणि चुलीचा धूर.

आपल्या महाराष्ट्रातल्या रीती

प्रत्येक मुलखाची भाजणी तिथल्या सरपणावर ठरते. रायगडमध्ये हिवाळ्यात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी भरतात, मडके उलटे ठेवतात आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवतात. पाण्याचा थेंब न घालता सगळे आपल्याच वाफेवर शिजते. वसई-विरारकडच्या आगाशीचे भुजिंग प्रसिद्ध आहे. कोळशावर भाजलेले कोंबडीचे तुकडे मसाल्यात परतून पोह्यांत मिसळतात. त्यामुळे थोडे मांस पुष्कळांना पुरते. कोकण किनाऱ्यावर बोंबील, सुकट, बांगडा उन्हात वाळवतात आणि पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून भाकरीशी खातात.

आपले वऱ्हाड कापसाचे आणि तुरीचे. म्हणून आपला जाळ पऱ्हाटीचा, तुऱ्हाटीचा आणि गोवऱ्यांचा. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले जातात, तुऱ्हाटीच्या जाळावर भरताची वांगी. मांसाच्या बाबतीत वऱ्हाडाचा ओढा रश्शाकडे, तर्रीकडे जास्त. पण मुंडी-पाये मात्र आधी जाळावर धरायचेच. केस जळतात, कातडीला धुराचा वास लागतो, मग खरडून, धुऊन ते शिजत ठेवायचे. त्या रश्शाची चव मसाल्याइतकीच त्या जळक्या धुरातून येते. हेही एक प्रकारचे धुरावरचे मांसच. आता कित्येक दुकानांत हे काम गॅसच्या ज्वाळेवर होते. वेळ वाचतो, पण तो वास येत नाही.

चान्यांची गोष्ट

वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांना अनेक भागांत चान्या म्हणतात. जुन्या माणसांसमोर हा शब्द काढला तर कोणी हसते, कोणी गप्प होते. त्या गप्प होण्यामागे इतिहास आहे.

गावचे मेलेले ढोर ओढून नेण्याचे काम महारांवर लादलेले होते. त्या कामाच्या बदल्यात मिळायचे ते त्याच ढोराचे मांस. एकदम एवढे मांस एका दिवसात खाऊन संपत नसे, आणि पुढचा घास कधी मिळेल याची खात्री नसे. म्हणून बायका पट्ट्या कापून वाळवत. पावसाळ्यात काम नसे, घरात दाणा नसे, तेव्हा मडक्यातल्या दोन चान्या इस्तोवर भाजायच्या, ठेचायच्या, ज्वारीच्या भाकरीबरोबर खायच्या किंवा डाळीत, आंबाडीत शिजवायच्या. ही पाककला नव्हे असे कोण म्हणेल? पण ती उपासमारीतून आणि सक्तीतून जन्मली होती, हेही विसरता येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ आणि २० मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत समाजाला मृतमांस सोडण्याचे, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरणे थांबवण्याचे आवाहन केले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध इतिहासातून तपासला. त्यांचा रोख मांस या पदार्थावर नव्हता. ज्या व्यवस्थेने माणसाला मेलेल्या जनावराशी बांधून ठेवले, ती व्यवस्था तोडण्यावर होता. आपल्या आजा-पणजांनी पोटाला चिमटा घेऊन हे ऐकले. पुढे जे घरात आले ते कष्टाच्या पैशाने विकत घेतलेले मांस होते. हा फरक लहान नाही.

या अन्नाची नोंद आपल्याच लेखकांनी ठेवली आहे. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघराविषयीचे पुस्तक २०१५ साली आले आणि २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. ज्या पदार्थांचे नाव पाककृतींच्या पुस्तकांत कधी छापले गेले नाही, ते आता जगभर वाचले जात आहेत.

तिकडेही कापूस, तिकडेही धूर

अमेरिकेत बार्बेक्यूचे चार-पाच मुलूख मानतात. कॅरोलायना राज्यांत डुकराचे मांस आणि सिरक्याचा आंबट रस, मेम्फिसला फासळ्या, कॅन्सस सिटीला टोमॅटोचा गोडसर दाट रस, आणि टेक्सासला गाईच्या छातीकडचा 'ब्रिस्केट' नावाचा तुकडा, लाकडाच्या मंद धुरावर बारा-बारा तास ठेवलेला.

हा ब्रिस्केट मुळात स्वस्तातला चिवट तुकडा. जर्मनी आणि चेक मुलखातून आलेले खाटीक उरलेले मांस धुरवून ठेवत, आणि हंगामात कापूस वेचायला आलेले मजूर ते कागदावर घेऊन खात. दक्षिणेत मोठ्या जेवणावळींसाठी खड्डे खणून रात्रभर जाळ राखण्याचे काम गुलामीतल्या काळ्या माणसांनी केले. कॅन्सस सिटीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री पेरी नावाच्या काळ्या माणसाने धुरावरचे मांस वर्तमानपत्राच्या कागदात बांधून विकायला सुरुवात केली, आणि आज ते शहर त्याला आपल्या बार्बेक्यूचा जनक मानते.

१८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचलेल्या ज्या रेल्वेमार्गावर बडनेरा आहे, तो मार्ग वऱ्हाडचा कापूस मुंबईला नेत होता. इकडे कापूस वेचणारा पऱ्हाटीच्या जाळावर शिजवत होता, तिकडे कापूस वेचणारा कागदावरचे मांस खात होता. दोघांचेही अन्न ज्याला कोणी विचारत नाही अशा तुकड्याचे. आज ब्रिस्केट तिकडे चैनीची वस्तू झाली आहे. त्याची मागणी वाढली, मांसाचे भाव चढले, आणि ज्यांच्या कष्टातून ही रीत वाढली त्यांच्याच मुलांना ते परवडेनासे झाले.

भाव चढला कसा?

आपल्याकडचा हिशेब साधा आहे. मटण किलोला ८०० रुपये धरा. त्यातले हाड वजा जाता मांस राहते सुमारे ७०० ग्रॅम. ताज्या मांसात तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असते. ते वाळवले की हाती येते सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम. म्हणजे वाळलेल्या मांसाचा भाव, मीठ, सरपण आणि मजुरी न धरताही, किलोला तीन हजारांच्या वर जातो. पूर्वी हे स्वस्त वाटे, कारण मांसाला किंमत नव्हती आणि बाईच्या कष्टाला तर त्याहून नव्हती.

मग ताजे मटणच इतके महाग का? २०१२ च्या पशुगणनेत देशात शेळ्या सुमारे १३ कोटी ५२ लाख होत्या. २०१९ च्या गणनेत त्या १४ कोटी ८८ लाख झाल्या. संख्या वाढली, पण खाणारे आणि खाण्याची ऐपत असलेले त्याहून वाढले. २५ किलोच्या बोकडातून विकण्याजोगे मटण निघते जेमतेम अर्धे. ते बोकड वाढवायला वर्षभराच्या आसपास काळ लागतो. चराऊ रान कमी झाले, चारा महागला. २०१९ च्या डिसेंबरात कोल्हापुरात तर मटणाच्या दरावरून नागरिक आणि विक्रेते आमनेसामने आले होते.

याला कायद्याचीही बाजू आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होती. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल, वळू यांचीही कत्तल बंद झाली. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. म्हशीच्या मांसाला ही बंदी लागू नाही. परिणाम एवढाच की कष्टकरी वस्त्यांत जे सर्वांत स्वस्त लाल मांस मिळे ते बाजारातून गेले, आणि तो गिऱ्हाईक कोंबडीकडे, अंड्याकडे, नाहीतर रिकाम्या भांड्याकडे वळला.

आपल्या घरासाठी चार गोष्टी

पहिली गोष्ट, चव धुराची हवी असेल तर हॉटेलात जायला नको. शिजलेल्या रश्शाच्या किंवा डाळीच्या मधोमध छोटी वाटी ठेवा, त्यात पेटता निखारा ठेवून वर अर्धा चमचा तेल किंवा तूप सोडा आणि पाच मिनिटे झाकण घट्ट लावा. वांग्यालाही मटणाची ऐट येते. हे करताना दार-खिडकी उघडी ठेवावी. फवारणी झालेल्या पऱ्हाटीच्या जाळावर मांस थेट भाजू नये. बाभळीचे कोरडे लाकूड किंवा लाकडी कोळसा बरा.

दुसरी गोष्ट, मांस थोडे आणि भाजणी मोठी करा. भुजिंगवाल्यांची युक्ती आठवा. पाव किलो कोंबडी भाजून कांदा-बटाटा आणि पोह्यांत घातली तर पाच जणांचे ताट भरते. वजडी, मुंडी, पाये आजही मटणापेक्षा कमी भावात मिळतात आणि कोंबडीची कलेजी तर फारच स्वस्त. कलेजीत लोह भरपूर असते. ज्या मुलींना, बाळंतिणींना रक्त कमी आहे त्यांच्या ताटात ती आधी पडावी. पुरुषांचे वाढून झाल्यावर उरलेला रस्सा बायकांनी खायचा, ही रीत घरातून हद्दपार व्हावी.

तिसरी गोष्ट, ताकद फक्त मटणात नसते. १०० ग्रॅम मटणात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात, आणि १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीतही तेवढीच. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. आपल्या शेतातले सोयाबीन तर १०० ग्रॅमला ३५ ग्रॅमच्या वर देते. डाळ-भाकरी, अंडे आणि पालेभाजी रोज असेल तर मटण महिन्यातून एकदा आले तरी लेकराची वाढ थांबत नाही. उलट धुरवलेले, खारवलेले मांस रोज खाणे चांगले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली असे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांत घातले आहे. कधीतरीचा घास वेगळा, रोजची सवय वेगळी. जळून काळा पडलेला भाग काढून टाकावा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाहुण्यांसमोर मान राहावा म्हणून मटणाच्या पंगतीसाठी उसनवारी करू नये. बचत गटाचे कर्ज शिवणयंत्राला घ्यावे, शेळीला घ्यावे. आपल्या विदर्भाची बेरारी ही शेळीची जात इथल्या उन्हात आणि चाऱ्यावर टिकणारी आहे. दोन शेळ्यांच्या दाव्यापासून सुरुवात करणाऱ्या बाईला मटणाचा चढा भाव त्रास देत नाही, तो तिच्या कामी येतो.

चान्या सुकवणाऱ्या बायकांनी ढोराच्या शवातून लेकरांना जगवले. ती सक्ती आपण सोडली, ती लाज आपण टाकली. आता ज्या घासाला बाजाराने प्रतिष्ठा चिकटवली आहे, त्याच्या मागे कर्ज काढून धावणे ही दुसरी सक्ती होईल. भाजावे, खावे, आनंदाने खावे. पण पैशाचा हिशेब आपल्या हातात ठेवावा आणि घरातल्या लेकीचे ताट आधी भरावे.