वादी शाबचा वाटाड्या

मालाच्या कामासाठी मस्कतला जाणारे आपले कापडवाले मत्रहच्या बाजारातून थेट विमानतळ गाठतात. एखादा दिवस मोकळा असेल तर सूरच्या रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटरवरचे तिवी गाव गाठावे. तिथे वादी शाब आहे.

हजरचे डोंगर उघडेबोडके, पण दरीत पाणी, खजूर आणि केळी. तोंडाशीच होडीवाला एका रियालात पलीकडे नेतो व परत आणतो. पुढे खडकांतून पाऊण तासाची चाल, मग पोहतच जावे लागते. शेवटची फट इतकी अरुंद की कसेबसे डोके मावते. आत गुहेत धबधबा कोसळतो. पोहता येत नसेल त्याने अलीकडेच थांबावे. पोशाख अंग झाकणारा असावा.

पाणी अल्लाहचे, त्याला मोल नाही. मग वाटाड्या पैसे कशाचे घेतो? नजरेचे. इथे ऊन असते, वर डोंगरात पाऊस पडतो आणि कोरड्या वादीतून लोंढा येतो. एप्रिल २०२४ मध्ये याच शर्किया मुलखात शाळकरी मुलांची गाडी अशाच पुरात वाहून गेली, मुले दगावली. ढग पाहून मागे फिरणारा वाटाड्या गिऱ्हाइकाची कुरकुर ऐकतो, प्रसंगी रोजीही सोडतो. म्हणून आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच विचारावे : अर्ध्या वाटेतून परतलो तर पैशाचे काय? सरळ जवाब देईल त्याच्याशीच सौदा करावा.

संध्याकाळी होडी बंद होते. निघावे ते फजरनंतर लगेच.