खरी डिस्क कोणती?

माढा तालुक्यात आणि आजूबाजूला साखर कारखान्यांची दाटी आहे, त्यामुळे कॉम्प्युटर दुरुस्तीचा माझा धंदाही हंगामावर चालतो. पावसाळ्यात प्रिंटर आणि शाळांचे मॉनिटर; ऑक्टोबर-नोव्हेंबरात बॉयलर पेटला की सर्व्हर. गाळप सुरू झालं की वजनकाटा चोवीस तास चालतो. भरल्या ट्रॅक्टरचं वजन, गव्हाणीत ऊस टाकून परत आलेल्या रिकाम्या ट्रॉलीचं वजन, वजाबाकी, पावती. ही पावती म्हणजे शेतकऱ्याचा पैसा. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. प्रत्यक्षात काय होतं ते सोलापूर जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. पण पंधरवड्याची बिलं तर काढावीच लागतात, आणि ती निघतात एसी लावलेल्या एका खोलीतल्या एका डब्यातून.

ऐन जानेवारीत अशाच एका कारखान्यातून फोन आला. केन अकौंटच्या मॅडम बोलत होत्या. त्यांचा आवाज शांत होता, म्हणून मला जास्त काळजी वाटली.

"सर, मशीन चालू आहे, सगळं उघडतंय. पण आत अजून दिवाळीच आहे."

म्हणजे काय, तर दिवाळीपर्यंतच्या पावत्या दिसत होत्या आणि पुढचं सगळं गायब. ज्यांना डिसेंबरात बिलं पोचली होती त्यांची नावं थकबाकीत. ज्यांचा ऊस नाताळात तुटला त्यांचा ऊस कारखान्याच्या लेखी अजून रानातच उभा. डिस्क बंद पडली तर निदान कळतं तरी की बंद पडली. इथं एकही लाल अक्षर पडद्यावर नव्हतं.

आधी हा डबा कसा रचलेला असतो ते सांगतो. सर्व्हरमध्ये एकसारख्या दोन हार्ड डिस्क आणि त्यांच्यावर एक कार्ड. हे कार्ड आलेलं प्रत्येक अक्षर दोन्ही डिस्कवर लिहितं आणि वर ऑपरेटिंग सिस्टीमला सांगतं, माझ्याकडे एकच डिस्क आहे. हेच हार्डवेअर मिररिंग. टँडम कंपनीने 1976 मध्ये सिटीबँकेला पहिलं न थांबणारं यंत्र दिलं, त्या घराण्यातही जोडीच्या डिस्क होत्या. 1988 मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी शोधनिबंध लिहून अशा रचनांना रेड हे नाव आणि क्रमांक दिले, त्यात मिररिंगला 1 नंबर मिळाला. एक डिस्क मेली तरी दुसरीवर काम चालू राहतं.

त्याच्यावर दुसरा मजला असतो लॉजिकल व्हॉल्यूमचा, म्हणजे एलव्हीएमचा. आयबीएम आणि एचपीच्या युनिक्समध्ये तो आधीपासून होता. लिनक्ससाठी तो 1998 च्या सुमारास हाइन्झ माउल्सहागेन यांनी लिहिला. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर शेजारशेजारच्या तुकड्यांचे बांध मोडून एक मोठं रान करायचं आणि मग गरजेप्रमाणे सरी-वरंबा न मोडता आतले बांध सरकवत राहायचे. पावत्यांची जागा भरत आली तर रिकाम्या भागातून थोडी तिला जोडायची, मशीन बंद न करता. त्यासाठी एलव्हीएम प्रत्येक डिस्कच्या भागावर एक लांबलचक ओळखक्रमांक लिहून ठेवतं. जगात दुसरा तसा नसेल या भरवशावर ते डिस्क ओळखतं, कुठल्या वायरला जोडली आहे यावर नाही.

मिररिंगमधल्या दोन डिस्क तंतोतंत सारख्या असतात. त्यामुळे तो ओळखक्रमांकही दोन्हीवर तोच. कार्ड मध्ये असेपर्यंत काही बिघडत नाही, कारण एलव्हीएमला एकच डिस्क दिसते. कार्ड गेलं की गंमत सुरू होते.

आदल्या रात्री कार्ड गेलं होतं. जनरेटरवरून लाइनवर येताना झटका बसला असावा. रात्रपाळीत एक हुशार पोरगा होता. त्याने दोन्ही डिस्कच्या केबली कार्डातून काढल्या आणि सरळ मदरबोर्डवर लावल्या. या कार्डाच्या स्वतःच्या नोंदी डिस्कच्या शेवटच्या टोकाला असतात, सुरुवातीचा भाग साध्या डिस्कसारखाच असतो, त्यामुळे मशीन बिनतक्रार सुरू झालं. सुरू होताना पडद्यावर एक ओळ सरकत गेली होती: एकाच ओळखक्रमांकाची दोन व्हॉल्यूम सापडली, दुसरी वापरतोय, पहिली नाही. ती ओळ वाचायला कुणी थांबलं नाही. पोराला मी दोष देत नाही. पहाटे तीनला फाटकाबाहेर ट्रॅक्टरची रांग असताना मीही त्याला शाबासकीच दिली असती. जुन्या एलव्हीएमचा स्वभाव असा की जुळी भावंडं दिसली तर एक निवडायची आणि पुढे जायचं. नव्या आवृत्त्या अशा वेळी व्हॉल्यूम चालू करायलाच नकार देतात, ते बरं आहे.

पण दोन्ही डिस्क सारख्याच, तर कुठलीही निवडली तरी काय फरक पडतो? पडायला नको होता. याचं उत्तर मला खोलीत शिरल्यावर मिळालं, काट्यावरच्या तात्यांकडून.

"आवो, दिवाळीत हितं कायतरी टीं-टीं वाजत हुतं. मग कुणीतरी बंद केलं."

तो कार्डाचा बझर. एक डिस्क मिररिंगमधून बाहेर पडली की तो वाजतो. मेनूत जाऊन आवाज बंद करता येतो, आणि आवाज बंद झाला की माणसांना काम झाल्यासारखं वाटतं. त्या दिवसापासून कारखाना एकाच डिस्कवर चालला होता, दुसरी नुसती फिरत होती. ती मेलेलीही नव्हती. स्वस्तातल्या घरगुती डिस्कला एखादी जागा वाचता आली नाही तर ती मिनिटभरसुद्धा प्रयत्न करत बसते. कार्डाला एवढा धीर नसतो. सात-आठ सेकंदांत उत्तर आलं नाही की ते डिस्कला मेली म्हणून बाहेर काढतं. म्हणून अशी डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर धडधाकट चालते, आणि लोक म्हणतात, कार्डच खोटारडं आहे.

तर एलव्हीएमने दोन भावंडांतली निवडली ती नेमकी ही दिवाळीतली. तिच्या लेखी दिवाळीत वीज गेली आणि आज आली. तिने आपला जर्नल तपासला, अर्धवट नोंदी पुऱ्या केल्या आणि कामाला लागली.

पहिली गोष्ट मी मशीन बंद करायला लावली. शेतकी अधिकारी खवळले. रांग रस्त्यापर्यंत गेली होती, टायरगाड्यांचे बैल सोडून बांधले होते. मी म्हटलं, साहेब, काटा चालू ठेवा, पावत्या हाताने फाडा, फक्त हा डबा बंद करा. कारण सकाळपासून ज्या पावत्या त्याने छापल्या त्या दिवाळीच्या नंबरपासून पुढे चालल्या होत्या. म्हणजे एकाच नंबरच्या दोन पावत्या, दोन वेगळ्या शेतकऱ्यांच्या हातात. शिवाय पुन्हा रीस्टार्ट केलं आणि डिस्क सापडण्याचा क्रम उलटला, तर एलव्हीएमने दुसरी निवडली असती आणि तिच्यावरही आजचं काहीतरी लिहिलं गेलं असतं. मग दोन्ही डिस्क अर्ध्या खऱ्या, अर्ध्या खोट्या. ते हुकलं होतं हे नशीब.

डिस्क बाहेर काढून दोन्हींवर मार्करने खूण केली, डिस्क बनवणाऱ्या कंपनीने छापलेल्या सीरियल नंबरसकट. लिनक्स देतं ती एसडीए, एसडीबी ही नावं लिहून उपयोग नसतो, ती केबलीबरोबर बदलतात. मग एका तिसऱ्या मोठ्या डिस्कवर दोन्हींच्या बिट-न्-बिट प्रती घेतल्या. युनिक्समध्ये त्यासाठी डीडी नावाची जुनी कमांड आहे. तिला कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं एवढंच सांगावं लागतं, आणि ते उलटं सांगितलं तर ती तेही निमूटपणे करते. प्रती होईपर्यंत संध्याकाळ झाली. मॅडमनी चहा पाठवला आणि सोबत निरोप, पंधरवडा संपायला किती दिवस राहिलेत त्याचा.

आता खरा प्रश्न: दोघींतली खरी कोणती? वाटतं तितकं हे सोपं नाही. सगळ्यात नवी तारीख कुठल्या फाइलवर आहे ते बघावं, असं कुणीही म्हणेल. पण आज सकाळी चालू झाली होती ती शिळी डिस्क, त्यामुळे ताज्या तारखा नेमक्या शिळ्या डिस्कवर. तारीख बघून निवडणाऱ्याने डिसेंबर पुसून टाकला असता. डिस्क किती तास चालली हा आकडा तिच्या स्वतःच्या, स्मार्ट नावाच्या नोंदीत असतो, पण बाहेर काढलेली डिस्कही फिरतच होती, दोघींचे तास जवळजवळ सारखे. एलव्हीएम स्वतःजवळ एक अनुक्रमांक ठेवतं, पण तो बांध सरकवले तरच वाढतो, पिकाचं त्याला काही माहीत नसतं. दिवाळीनंतर कुणी बांध हलवला नव्हता, त्यामुळे तोही दोन्हीकडे सारखा. लिनक्सचं सॉफ्टवेअर मिररिंग असतं तर त्याने प्रत्येक डिस्कवर घटनांचा आकडा लिहिलेला असतो, मागे पडलेली डिस्क लगेच उघडी पडते. इथे डिस्कच्या टोकाच्या नोंदी वाचणारं कार्डच जळालं होतं. म्हणून कारखान्याच्या साध्या सर्व्हरला मी महागड्या कार्डापेक्षा सॉफ्टवेअर मिररिंग सुचवतो. त्यावर डीलर माझ्याशी भांडतात.

दोन प्रती एकमेकींविरुद्ध बोलायला लागल्या की त्यांच्यातलं खरं-खोटं त्या दोघींना विचारून ठरत नाही. मी तात्यांना पावतीपुस्तकांची स्थळप्रत मागितली. प्रत्येक पावतीची कार्बन कॉपी काट्यावर राहते. कॉम्प्युटर आल्यावर ती बंद करा असं दोनदा ठरलं होतं, तात्यांनी दोन्ही वेळा ऐकल्यासारखं केलं आणि पुस्तकं चालू ठेवली.

सीडीवरून लिनक्स चालू केलं, एका वेळी एकच डिस्क जोडली, व्हॉल्यूम ग्रुप जागा केला आणि फाइलसिस्टीम फक्त वाचण्यापुरती उघडली. इथे एक बारीक काटा आहे: ईएक्सटी3 हे फाइलसिस्टीम नुसतं वाचायला उघडलं तरी आपला जर्नल चालवून डिस्कवर लिहितं. ते नको असेल तर जर्नल भरू नको हेही वेगळं सांगावं लागतं. पहिल्या डिस्कवर शेवटची पावती तात्यांच्या पुस्तकाशी जुळेना, नाव वेगळं, गाव वेगळं. दुसरीवर जुळली. काल रात्रीपर्यंतची प्रत्येक पावती, नंबर, गट, वजन सगळं. फक्त अगदी शेवटच्या काही नव्हत्या. त्या कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत होत्या आणि कार्डाबरोबर गेल्या. अशा मेमरीला बॅटरी असते म्हणजे वीज गेली तरी मजकूर टिकतो; कार्डच जळालं तर बॅटरी काय करणार.

दुरुस्तीतली खरी धास्ती पुढे आहे. नवं कार्ड लावून जुन्या दोन डिस्क पुन्हा जोडल्या की कार्ड विचारतं, कुणाची कॉपी कुणावर करू? काही कार्डं विचारतही नाहीत. दिशा चुकली की शिळी डिस्क खरीवर चढते आणि काही तासांत दोन्ही डिस्कवर दिवाळी होते, कायमची. म्हणून मी जुन्या डिस्क कार्डाला लावल्याच नाहीत. पुण्याहून नवं कार्ड आणि सर्व्हरसाठीच बनवलेल्या दोन नव्या डिस्क रात्रीच्या गाडीने कुर्डुवाडीला मागवल्या. त्यांच्यावर कोरं मिररिंग केलं, नव्या ओळखक्रमांकाचं एलव्हीएम केलं आणि खऱ्या डिस्कच्या प्रतीतून मजकूर उतरवला. जुन्या दोघी हंगाम संपेपर्यंत अकौंटच्या कपाटात कुलपात. बॅकअप कुठे होता, असं विचाराल. होता, टेपवर, आणि तो शिळ्या डिस्कइतकाही ताजा नव्हता. मिररिंग आहे म्हटल्यावर टेप बदलायचा कुणाला आठवतो? पण चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते, एवढी साधी गोष्ट विक्रीच्या पत्रकात लिहिलेली नसते.

उरल्या सकाळच्या पावत्या, ज्यांचे नंबर दोनदा वाटले गेले होते. मी सुचवलं, त्यांना नवे नंबर देऊ. शेतकी अधिकारी म्हणाले, शेतकऱ्याच्या हातातल्या कागदावर जो नंबर आहे तोच चालणार, नाहीतर उद्या गट ऑफिसात मारामारी. शेवटी मॅडमनी तोडगा काढला: त्या सकाळच्या पावत्यांच्या नंबरापुढे 'अ' लावायचा. प्रोग्रामात नंबराच्या रकान्यात अक्षर बसत नव्हतं, त्यासाठी एक जादा रकाना करून घेतला. स्थळप्रती पुढ्यात घेऊन रात्रभरात सगळ्या नोंदी चढवल्या, आणि कार्डाबरोबर गेलेल्याही.

जाण्यापूर्वी नव्या कार्डाची एक डिस्क चालू मशीनमधून मुद्दाम ओढून काढली. बझर वाजला, दिवा पिवळा झाला, काट्यावर काही फरक पडला नाही. डिस्क परत घातली आणि ती भरून पूर्ण होईपर्यंत तिथेच बसलो. बझरवर मात्र माझा विश्वास उरलेला नाही. दर तासाला कार्डाची तब्येत विचारून काही बिघडलं तर एसएमएस पाठवणारा छोटा प्रोग्राम लिहून दिला. एसएमएस तिघांना जातो: मला, मॅडमना, आणि तात्यांना, कारण रात्री जागा असतो तो काटाच.

तात्या ते फार मनावर घेतात. कार्डाची बॅटरी काही महिन्यांनी आपली ताकद तपासायला स्वतःला रिकामी करून पुन्हा भरून घेते, आणि तेवढ्यापुरता इशारा पाठवते. त्यात काही काळजीचं नाही हे मी त्यांना समजावून सांगितलं आहे. तरी पहाटे चारला फोन येतोच: "इंजिनियर, ब्याटरीचा मेसेज आलाय. डिस्का दोन्ही हायत का बघा जरा."