नाव तेच, वडील वेगळे

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आंबेगावचा निकाल अवघ्या १,५२३ मतांनी लागला. दिलीप वळसे पाटील निवडून आले, देवदत्त जयवंतराव निकम पडले. त्याच मतपत्रिकेवर देवदत्त शिवाजीराव निकम हे अपक्षही होते. त्यांना २,९६५ मतं पडली. त्यातली किती समजून-उमजून दिलेली आणि किती नावाच्या घोळात गेलेली, हे मतदान यंत्र सांगत नाही. रायगडात २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत असंच झालं होतं. सुनील दत्तात्रय तटकरे २,११० मतांनी हरले आणि सुनील श्याम तटकरे या अपक्षाला ९,८४९ मतं मिळाली.

आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळला एकाच नावाचे अनेक धनी असणं नवीन नाही. चाकणजवळ महाळुंगे इंगळे आहे, बालेवाडीला लागून आणखी एक महाळुंगे आहे. मागे आडनाव जोडलं की कुठलं महाळुंगे ते कळतं. महाळुंगे पडवळचेच हुतात्मा बाबू गेनू. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला विदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्यांनी प्राण दिले. त्यांचं आडनाव सैद, पण लोकांच्या तोंडी राहिलं ते त्यांचं आणि वडिलांचं नाव.

वडिलांच्या नावाचा हाच आधार संजय पाटील या नावालाही लागतो. २००९ च्या मे महिन्यात ईशान्य मुंबईतून संजय दिना पाटील लोकसभेवर गेले. त्याच वर्षी ‘जोगवा’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याची पटकथा आणि गीतं संजय कृष्णाजी पाटील यांची. पुढे २०१४ ला सांगलीतून तिसरे संजय पाटील खासदार झाले. त्यांना जिल्हा ‘संजयकाका’ म्हणूनच ओळखतो.

या तिघांत गीतकाराची अडचण सर्वांत मोठी आहे. निवडणुकीचा १९६१ चा नियम सांगतो की, दोन उमेदवारांचं नाव सारखं असेल तर व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा दुसरी काही खूण जोडून ते वेगळे दाखवावेत. २०१५ पासून यंत्रावर उमेदवाराचा फोटोही असतो. गाण्याला असा फोटो कुठून असणार? ‘जोगवा’तल्या ‘जीव रंगला’साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांना. गाणं घरोघरी पोचलं, पण लग्नाच्या मांडवात ते वाजतं तेव्हा ‘अजय-अतुलचं गाणं’ एवढंच म्हटलं जातं. चाल आणि गळा त्यांचा त्यांचा, मान्य. पण ज्यांनी ते शब्द लिहिले, त्यांचं नाव घ्यायला कुणाचं काय अडतं?

नाव निव्वळ ‘संजय पाटील’ असं छापलं, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी खासदार उभे राहण्याचीच शक्यता जास्त. म्हणून ‘कृष्णाजी’ हा मधला शब्द गाळता कामा नये. ‘दशक्रिया’ या चित्रपटाच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही याच पूर्ण नावाने.

आपल्या कृतीवर आपलं नाव लागावं, हा लेखकाचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमात आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकारांचा रॉयल्टीतला वाटाही पक्का केला. गणेशोत्सवात, गॅदरिंगला, ऑर्केस्ट्राच्या मंचावर गाणं सुरू होण्याआधी निवेदकाने गीतकाराचं नाव वडिलांच्या नावासकट घ्यावं. त्याला पाच सेकंदही लागत नाहीत.