घरातले नाव आणि दाखल्यावरचे नाव

आमच्या पांढुर्ण्यात दर दुसऱ्या घरी एक ‘बाळ’ असतो. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात मात्र तो सापडावयाचा नाही. तेथे त्याचे पूर्ण नाव लिहिलेले असते. घरात ‘बाळ’ म्हणून हाक मारली तर शेजारचा बाळ धावत येत नाही; पण पाकिटावर नुसते ‘बाळ’ लिहिले तर पोस्टमनने ते कोणाच्या हाती द्यावे? संगणकांच्या पत्त्यांचा व्यवहार नेमका असाच चालतो, हे आम्हांस पन्नाशी उलटल्यावर कळले, आणि तेही फजिती झाल्यावर.

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा तो अखेरचा दिवस होता. नवा संगणक आम्ही स्वतःच जोडला होता आणि त्यास जो क्रमांक दिला तोच कार्यालयातील संगणकासही होता. एक चालू लागला की दुसरा बंद पडे. बाहेर मुलींची रांग उभी. त्यांतील काहींना गावची शेवटची बस गाठावयाची होती. चूक सापडेपर्यंत दिवेलागण झाली. अर्ज गेले, बस मात्र चुकली.

हा पत्ता म्हणजे शून्य ते २५५ मधील चार अंक. असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. इंटरनेटवर थेट असणाऱ्या संगणकाचा पत्ता जगात एकमेव असावा लागतो, जसा पांढुर्ण्याचा पिनकोड ४८०३३४ आणि सौसरचा ४८०१०६. (१५ ऑगस्ट १९७२ पासूनची ती पिनकोड योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ संस्कृत कवी होते, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे?) पत्ते अपुरे पडणार हे ओळखून इंटरनेटच्या अभियंत्यांनी फेब्रुवारी १९९६ मध्ये घरगुती वापरासाठी तीन मालिका निश्चित केल्या: १० ने सुरू होणारी, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतची आणि १९२.१६८ ची. या मालिकांतील क्रमांक कोणीही, कोणासही न विचारता, आपल्या घरात वापरावेत. बाहेर जाताना राउटर साऱ्या घराच्या वतीने आपला सार्वजनिक पत्ता लावतो आणि आलेले उत्तर ज्याचे त्यास पोचवितो. तरीही फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक मध्यवर्ती साठा संपला. त्यानंतरची भिस्त बरीचशी या घरगुती नावांवर, आणि आता हळूहळू नव्या, लांबलचक पत्त्यांवर आहे.

मनास येईल तो क्रमांक मात्र घेऊ नये. १० घरगुती आहे म्हणून ११ ही चालेल, असे एका हौशी तंत्रज्ञाने आम्हांस सांगितले होते. ११ ची मालिका अमेरिकेच्या संरक्षण खात्याची आहे!

खरी अडचण दोन घरे एकत्र येतात तेव्हा होते. लग्नघरी ‘बाळ’ म्हणून हाक मारावी आणि तिघे उभे राहावेत, तशी. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौसर त्यात आले. उद्या दोन्ही गावांतील दोन शाळा एका जाळ्यात जोडावयाच्या झाल्या आणि दोन्हींकडे १९२.१६८.१ चीच मालिका असली, तर येथील छपाईयंत्र कोणते आणि तेथील कोणते, हे ठरेना. म्हणून आरंभीच येथे १०.२०.१ आणि तेथे १०.२०.२ घ्यावे. छपाईयंत्रास कायमचा क्रमांक द्यावा. बाकीच्यांस राउटरने आपोआप द्यावेत, मात्र त्याच्या वाटपातून कायमचे क्रमांक वगळावेत.

आणि हे सारे एका वहीत टिपावे. आमची वही कपाटात, दाखलखारीज रजिस्टराशेजारी असते.