सांगाड्यात न दिसणारे रक्त

9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन झाले. भंडाऱ्याचे महाविद्यालय त्यांपैकी एक. एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्र असते आणि विद्यार्थ्यांची गाठ पडते ती स्टँडला टांगलेल्या सांगाड्याशी. आता तो बहुधा प्लास्टिकचा असतो. एकेकाळी जगभरच्या महाविद्यालयांत खरे सांगाडे जात, ते मुख्यतः कोलकात्याहून. 1985 मध्ये भारताने मानवी सांगाड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली आणि साच्यातून काढलेल्या प्रतिकृतींना मागणी वाढली.

प्रौढ माणसाची हाडे 206. सुश्रुतसंहितेत हा आकडा 300 आहे, कारण तिथे दात आणि कूर्चाही हाडांतच धरल्या आहेत. पण आकडा पाठ करून तोंडी परीक्षा सुटत नाही. परीक्षक मांडीचे हाड हातात देऊन विचारतात, 'डावे की उजवे?' गोल डोके वर आणि शरीराच्या मध्याकडे, उभी खरखरीत कड मागच्या बाजूला, असे हाड धरले की बाजू कळते. सांगाड्यावर तेच डोके खुब्याच्या खोबणीत बसलेले दिसते.

सांगाड्यात दिसत नाही ते रक्त. या डोक्याला रक्त पोचते ते मुख्यतः हाडाच्या मानेवरून वर चढणाऱ्या बारीक धमन्यांतून. ती वाट बंद झाली, तर दुसरी पुरेशी वाट नसते. विदर्भातल्या डॉक्टरांना हे नीट ठाऊक असावे लागते, कारण भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, डोक्याचा काही भाग मरतो आणि पुढे वजनाखाली खचतो. ऐन विशीतला मुलगा लंगडू लागतो.

दुखणे जांघेत असते. कधी ते मांडीत, गुडघ्यातही जाणवते आणि तपासणी मात्र गुडघ्याचीच होत राहते. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये काही दिसत नाही; एमआरआयमध्ये ते लवकर कळते. म्हणून सिकलसेल असलेल्या रुग्णाचा गुडघा दुखत असेल, तर खुबाही तपासायला हवा.